बाबांच्या वह्या : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, इंदूर

आज कामाला सुरुवात केली. बाबांना जाऊन सात महिने झाले. वर्षश्राद्धापूर्वी त्यांच्या वह्या, कागदपत्रे, छायाचित्रे आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसांच्या आठवणी एकत्र करून घरच्यांसाठी एक पुस्तिका छापावी, असे मी आणि धाकट्या भावाने ठरवले आहे. वह्यांचे वाचन, नोंदणी आणि लेखन माझ्याकडे आहे, कारण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षे मी हेच काम केले. स्कॅनिंग आणि मांडणी भाऊ पुण्याहून पाहणार आहे.

मूळ माहिती आधी लिहून ठेवते. बाबा १९७२ साली मध्य प्रदेश पोलिसांत आरक्षक, म्हणजे शिपाई, म्हणून भरती झाले आणि २०११ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे आग्रा-मुंबई रस्त्यावर, राऊपासून सेंधव्यापुढच्या बिजासन घाटापर्यंतच्या पट्ट्यात, महामार्गावरील गस्तीत गेली. या काळात आमचे बिऱ्हाड मात्र लोकमान्य नगरातच राहिले आणि ते सुटीला घरी येत.

पलंगाखालची काळी लोखंडी पेटी बाहेर काढली. तिच्यात १९७८ ते २०११ या ३४ वर्षांच्या ३१ खिसावह्या निघाल्या, म्हणजे तीन वर्षांच्या वह्या नाहीत. सात वह्यांना कसर लागली आहे. त्या वेगळ्या काढून, मऊ ब्रशने झाडून, वर्तमानपत्रात न गुंडाळता साध्या पांढऱ्या कागदात ठेवल्या.

१५ जून २०२५

वह्यांचे स्वरूप आज नीट कळले. ठाण्याचा रोजनामचा, गुन्ह्याची कागदपत्रे, मर्गाची, म्हणजे अकस्मात मृत्यूची, चौकशी हे सारे सरकारी लेखन बाबा हिंदीतच करत आणि ते ठाण्यातच राहिले. या वह्या त्यांच्या स्वतःच्या असून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मराठीत आहेत. दिवसाला चार-पाच ओळी, त्याही तुटक: निघण्याची वेळ, गाडीचे किलोमीटर, हवा, रस्त्याची स्थिती, कोण भेटले. अपघाताच्या दिवशी मात्र पूर्ण पानभर नकाशा असतो.

पोलीस ज्याला ‘नजरी नक्शा’ म्हणतात, त्याचा हा कच्चा खर्डा असावा. पुलिया (लहान पूल), विहीर, वडाचे झाड किंवा किलोमीटरचा दगड अशी जागची न हलणारी खूण आधी काढलेली, तिच्यापासून वाहनांपर्यंतची अंतरे टेपने मोजून लिहिलेली आणि ब्रेकच्या खुणा तुटक रेषेने दाखवलेल्या. १९८२ च्या वहीतल्या एका नकाशात रस्त्याच्या कडेला एक लहानसा चौकोन असून त्यापुढे ‘डबा, पोळी-भाजी, न उघडलेला’ एवढेच लिहिले आहे. त्याचा तपासाला काही उपयोग झाला असेल असे वाटत नाही. तरीही तो चौकोन त्यांनी पुलियापासून मोजून, त्याच्या जागीच काढला आहे.

निर्णय: अपघातात सापडलेल्या कोणाचेही नाव, गाव किंवा वाहनाचा क्रमांक पुस्तिकेत येणार नाही. ती माणसे कोणाची तरी आहेत आणि बाबांच्या आठवणीसाठी त्यांचे दुःख चारचौघांपुढे मांडण्याचा अधिकार आम्हाला नाही. भावाला हे लगेच पटले.

२९ जून २०२५

बारा वह्यांची नोंदणी पूर्ण झाली. जवळजवळ प्रत्येक दिवसाच्या शेवटी ‘द. ४’, ‘द. ११’, ‘द. ०’ असा आकडा आहे. हा दंडाचा, म्हणजे त्या दिवशी किती वाहनांना दंड केला त्याचा, आकडा असावा असे मी धरले. एकट्या १९८१ सालाची बेरीज १,९६२ भरली. त्यावरून मसुद्यात एक वाक्य लिहिले: ‘नियमांच्या बाबतीत बाबा कठोर होते आणि वर्षाला दोन हजारांच्या आसपास वाहनांवर ते कारवाई करत.’

भावाला वाक्य वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘ताई, हे मला आपले बाबा वाटत नाहीत.’ मी त्याला पुरावा दाखवला. तरीही त्याचे समाधान झाले नाही.

६ जुलै २०२५

महूला जाऊन आले. बाबांच्या गस्तीच्या जीपचे जुने चालक तिथे राहतात. त्यांना आम्ही लहानपणापासून काका म्हणतो. वय ७६, गुडघे गेलेले, स्मरण मात्र लख्ख. दोन तास चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण झाले. ते हिंदीत बोलले असले तरी त्यातला महत्त्वाचा भाग इथे माझ्या शब्दांत लिहिते.

आधी ‘द’चे. आकडा दाखवताच काका म्हणाले, ‘दंड? नहीं बिटिया. साहब पत्थर गिनते थे.’

द म्हणजे दगड. चढावर किंवा उतारावर ट्रक बंद पडला की क्लीनर आधी चाकांखाली दगड लावतो. मग मागून येणाऱ्यांना कळावे म्हणून रस्त्यावर दहा-वीस पावले दगडांची रांग मांडतो आणि एखादी हिरवी फांदी तोडून ठेवतो. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री त्यांवर मोटारसायकल चढते, किंवा त्यांना चुकवण्यासाठी कोणी स्टिअरिंग वळवतो आणि समोरून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळतो. तेव्हा रस्ता दुपदरी होता, मध्ये दुभाजक नव्हता. दगड दिसला की बाबा जीप थांबवत, खाली उतरत आणि तो स्वतः उचलून चारीच्या पलीकडे टाकत. कडेला ठेवलेला दगड पुढचा क्लीनर पुन्हा रस्त्यावर आणतो, म्हणून पलीकडे. मोठ्या दगडांसाठी जीपमध्ये एक पहार असे. हे काम त्यांनी बरोबरच्या आरक्षकाला एकट्याला कधी सांगितले नाही, दोघे मिळून करत. काकांच्या मते त्यांच्या कंबरदुखीचे मूळ हेच होते आणि घरी आम्हाला मात्र ते जीपच्या धक्क्यांनी कंबर धरल्याचे सांगत राहिले.

मसुद्यातले वाक्य खोडले. वहीतला ‘द’ पाहून मी माझ्या मनातला पोलीस तिथे उभा केला होता, याचे मला वाईट वाटते. २९ जूनची नोंद मात्र आहे तशीच ठेवत आहे.

दुसरी गोष्ट घाटाची. इंदूरहून खाली निमाडात उतरताना मानपूरनंतर भेरूघाट लागतो, पुढे गुजरी येते आणि मग धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट. अवजड ट्रक उताराला लागला की डिझेल वाचवण्यासाठी चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकत. गाडी गेअरमध्ये असली तर इंजिनच तिला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये ती ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते, आणि चालकाने पाय कितीही दाबला तरी ट्रक थांबत नाही. ब्रेक फेल झाला, असे मग कागदावर लिहिले जाते. बाबा म्हणत की ब्रेक फेल होत नाही, तो वर घाटमाथ्यावरच विकलेला असतो.

गणपती घाटाच्या तोंडाशी ते पाण्याचा पत्र्याचा डबा घेऊन उभे राहत. भेरूघाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकावर ड्रमजवळ चार थेंब शिंपडायचे. ‘चर्र’ असा आवाज आला की ट्रक बाजूला घ्यायचा, चालकाला खाली उतरवून चहा पाजायचा आणि ड्रम हाताला सोसेल इतका निवेपर्यंत पुढे जाऊ द्यायचे नाही. चहाचे पैसे बाबा देत. काका सांगतात की सुरुवातीला चालक चिडत, पुढे पुढे काही जण आपणहून थांबू लागले.

२० जुलै २०२५

आणखी आठ वह्या झाल्या. १९८९ च्या वहीत वर्तमानपत्राचे एक कात्रण डकवलेले सापडले. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी दिलेल्या निकालाची ती बातमी आहे. जखमी माणूस निर्दोष असो वा गुन्हेगार, पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता त्याचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. कात्रणाखाली बाबांनी लिहिले आहे: ‘प्रती १० काढणे. जीपमध्ये २ कायम.’

त्याआधीच्या वहीत एका रात्रीची नोंद आहे. रुग्णालयाचे नाव मी इथे लिहीत नाही. ‘पोलीस केस’ म्हणून पायरीवरच अडवून ठेवलेल्या मुलाजवळ बाबा ५० मिनिटे उभे होते. त्या पानावर ‘द.’ नाही, परतीची वेळही नाही.

पुढे ३० मार्च २०१६ रोजी, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा रुग्णालयाने अडकवून ठेवू नये ही मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केली, तेव्हा बाबांना निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. ती बातमी घेऊन ते आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी गेले होते, हे मला आठवते.

३ ऑगस्ट २०२५

आईचे ध्वनिमुद्रण. फोन समोर ठेवला की ती जपून बोलते, म्हणून तो ताटाच्या बाजूला ठेवून मी भाजी निवडायला बसले. तिचे बोलणे जसेच्या तसे ठेवणार आहे. काही भाग:

‘ह्यांनी मला एकदा रेडियमचा गुंडाळा आणून दिला, लाल. म्हणाले, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापून दे. कापसाच्या दिवसांत निमाडातल्या बैलगाड्या रात्री निघायच्या. मागे ना दिवा ना काही. ह्यांनी म्हणे गाडी थांबवून मागच्या फळीला पट्टी चिकटवून द्यायची. मी माझ्या शिवणाच्या कात्रीनं कापत बसले. शंभर, दोनशे, मोजल्या नाहीत. त्या रेडियमनं माझ्या कात्रीची धार गेली ती गेली. नवी आणून देतो म्हणाले. दिली, पण चार वर्षांनी.’

‘सण आमच्याकडे दुसऱ्या दिवशी. दिवाळीचं अभ्यंगस्नान पाडव्यानंतर केलेलं आहे मी ह्यांना. रंगपंचमीची गेर [रंगांची मिरवणूक] काय, अनंत चतुर्दशीच्या झांक्या [चित्ररथ] काय, तुम्ही शेजाऱ्यांच्या खांद्यावरून पाहिल्या. बंदोबस्तात नावं लागायची ना ह्यांची.’

‘घरी आले की बूट कुठे काढतात ते मी बघायची. आत येऊन काढले तर सगळं ठीक. बाहेर ओट्यावरच बसून काढले, की समजायचं आज कोणाच्या तरी घरी जाऊन आलेत. वायरलेसवरून, फोनवरून कोणाला कळवू द्यायचे नाहीत. जवळपासचं गाव असेल तर स्वतः जायचे सांगायला. म्हणायचे, माणूस गेल्याचं माणसानं सांगावं. मी विचारायची नाही. हातपाय धुतले की वरणभात वाढायची. आणि मग तुमच्या दोघांच्या अंथरुणाशी जाऊन उभे राहायचे. पांघरूण सारखं करायचे. ते सारखंच असायचं.’

शेवटची दोन वाक्ये ऐकताना माझा भाजीचा हात थांबला आहे, हे मुद्रणात ऐकू येते.

१० ऑगस्ट २०२५

छायाचित्रे ६४. त्यांतली १९ ठेवली. १९९२ च्या उज्जैन सिंहस्थातले एकच आहे: इंदूर-उज्जैन रस्त्यावर टपरीसमोर बाबा गणवेशात, शेजारी आम्ही दोघे, हातात कुल्हड. महिनाभरात त्यांची आमची भेट तेवढीच झाली होती.

२७ ऑगस्ट २०२५

गणेश चतुर्थी. काम बंद.

१४ सप्टेंबर २०२५

पितृपक्ष चालू आहे. भाऊ चार दिवसांसाठी आला असून आज आम्ही काकांना बरोबर घेऊन रस्त्याने खाली गेलो. नकाशांमधली ठिकाणे जुळवणे हा हेतू होता.

काम अपेक्षेपेक्षा अवघड गेले. बाबांच्या वह्यांमधला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ आज त्या क्रमांकाचा राहिलेला नाही, आपल्या बाजूला तो ५२ झाला आहे. चौपदरीकरणात झाडे गेली, पुलिया रुंद झाल्या आणि पिवळ्या माथ्याचे जुने किलोमीटरचे दगड बहुतेक ठिकाणी दिसत नाहीत. गणपती घाटातला जीवघेणा उतार टाळण्यासाठी आता सुमारे नऊ किलोमीटरांचा वेगळा रस्ता काढला आहे. काका बराच वेळ गाडीच्या खिडकीतून त्याच्याकडे पाहत होते. ‘साहब देखते तो अच्छा लगता,’ एवढेच म्हणाले. वह्यांतल्या २६ नकाशांपैकी ९ जागा नक्की ओळखता आल्या. पाच विहिरींमुळे, तीन देवळांमुळे आणि एक चिंचेमुळे. उरलेल्या नकाशांना पुस्तिकेत ‘जागा निश्चित नाही’ असे लिहायचे.

खलघाटच्या पुलावर थोडे थांबलो. खाली नर्मदा भरून वाहत होती. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एस.टी.ची बस याच ठिकाणी पुलावरून नदीत कोसळली. त्या दिवशी बाबा सकाळपासून टीव्हीसमोर उभे होते. आई बसा म्हणाली, तरी ते बसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला एकच विचारले होते, की त्या लोकांच्या घरी जाऊन कोण सांगत असेल.

परतताना काका धामनोदजवळच्या एका गावात गाडी वळवायला म्हणाले. तिथे टायर पंक्चरचे दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचे वडील १९८६ मध्ये घाटात ट्रकच्या धडकेने गेले आणि ती बातमी घेऊन बाबा त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा हे ११ वर्षांचे होते. आज दुकान बंद होते. शेजारी आमचा फोन क्रमांक ठेवून आलो.

२१ सप्टेंबर २०२५

सर्वपित्री अमावस्या. सकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. बाबांचे ‘एक कागज’ आपल्याकडे आहे, दसरा झाला की घेऊन येतो, म्हणाले.

वह्या पुन्हा तपासल्या. १९८६ च्या वहीत ऑगस्टमधले एक पान शिवणीपासून दोन बोटे सोडून फाडलेले आहे. नोंदणी करताना मी त्याला ‘पान गहाळ’ असा शेरा दिला होता.

५ ऑक्टोबर २०२५

ते गृहस्थ आज बसने आले. बरोबर पत्नी, आणि आईसाठी शेतातले वाल. पिशवीतून त्यांनी एक जुनी प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून देवाच्या तसबिरीच्या मागचा पुठ्ठा, आणि त्या पुठ्ठ्याला चिकटवलेले पान.

पान बाबांच्या हातचे, पण हिंदीत. आमच्या सगळ्या वह्यांमध्ये हिंदीत लिहिलेले हे एकच पान, कारण ते दुसऱ्याने वाचायचे होते. अक्षर नेहमीपेक्षा मोठे आणि सुटे, शाळेत फळ्यावर काढतात तसे. वर अपघाताची तारीख आणि ठाण्याचा गुन्हा क्रमांक. खाली मोटार अपघात दाव्यासाठी लागणारे कागद: प्रथम सूचना अहवालाची नक्कल, शवविच्छेदनाचा अहवाल, ट्रकच्या नोंदणीची आणि विम्याची माहिती, घरातल्या माणसांची नावे व वये. अर्ज धारच्या न्यायालयात करायचा. ट्रकचालकाची चूक सिद्ध होण्याआधीही कायद्याने १५,००० रुपये मिळतात, ते आधी मागायचे. जुन्या मोटार वाहन कायद्यात १९८२ साली आलेली ही तरतूद गावात तेव्हा कोणाला माहीत असणार? सर्वांत खाली ‘छह महीने के भीतर’, आणि त्याखाली दोन रेघा. त्या काळी दावा सहा महिन्यांत करावा लागे आणि दुःखात बुडालेल्या घरांचे ते सहा महिने हातातून निघून जात, हे बाबांनी अनेकदा पाहिले असणार.

गृहस्थ सांगत होते. बाबा आधी त्यांच्या आजोबांशी बोलले आणि मग खाटेवर बराच वेळ नुसते बसून राहिले. निघताना त्यांनी खिशातून वही काढली, हे लिहिले, पान फाडले आणि आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते म्हणून या मुलाच्या हातात दिले. त्याच्याकडून ते मोठ्याने दोनदा वाचून घेतले. ‘भीतर’ हा शब्द त्याला अडला, तो समजावून सांगितला. दावा मुदतीत दाखल झाला. त्या पैशांतून दोन बहिणींची शाळा चालली आणि पुढे दुकानाचा पहिला जॅक आला.

आई ऐकत होती. ती म्हणाली, ‘त्या दिवशी बूट बाहेर काढले असतील.’ आणि स्वयंपाकघरात गेली.

मी १९८६ ची वही आणली. पानाची फाटलेली कड शिवणीतल्या उरलेल्या दोन बोटांच्या पट्टीशी लावून पाहिली. खालच्या कोपऱ्यात एक दातरा जुळला, मग उरलेली कड जुळत गेली. त्या पट्टीवर, पानाच्या मागच्या बाजूने उमटलेल्या शाईत, ‘द.’ आणि त्यापुढचा आकड्याचा अर्धा भाग दिसतो. आकडा वाचता येत नाही.

पान ६०० डीपीआयवर दोन्ही बाजूंनी स्कॅन केले. पुठ्ठ्यापासून ते सोडवले नाही, त्यामुळे मागच्या बाजूला पुठ्ठाच आला आहे. नोंदवहीत ‘पान गहाळ’ खोडून ‘पान दिलेले’ असे लिहिले. जेवणे झाल्यावर मूळ पान त्यांना परत केले. त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले, आणि चारच्या बसला भाऊ त्यांना सोडून आला.